विदर्भात अंगोरा ससे: लोकर जातीवर ठरते की हवेवर?

कोरडवाहू_आर्णी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमचं गाव आर्णी तालुक्यात. कोरडवाहू कपाशी-तूर, दोन म्हशी, आणि विहिरीजवळ कडुनिंबाखाली एक रिकामा गोठा. त्या गोठ्यावर नजर ठेवून मागच्या आठवड्यात एक एजंट येऊन गेला. अंगोरा सशांचं 'युनिट' घ्या म्हणतो: सात माद्या, तीन नर, पिंजऱ्यांसकट. लोकर तेच परत विकत घेणार, पिल्लंही घेणार, तसा करार. माहितीपत्रकात छापलंय की ससे अस्सल जर्मन जातीचे आहेत आणि दर सशामागे वर्षाला किलोच्या वर लोकर निघते.

मी म्हटलं, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्याचं काय? तर म्हणे, "लोकर रक्तात असते साहेब, उन्हाचा काय संबंध!"

हे कितपत खरं? घरातूनही रेटा आहे, कारण बायकोच्या बचत गटाला कताई-विणकामाचं काहीतरी सुरू करायचंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. सहीला थोडे दिवस आहेत.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, अकोल्यात मे महिन्यात माणसाच्या आंगावर बनियन टिकत नाई, अन् तुमी सशाले स्वेटर घालून बसवता काय? बाकी चालू द्या, मी बाजेवर बसून वाचतो हाये.

कुल्लूचा_पाव्हणा

मूळचा पुसदचा, पण नोकरीनिमित्त बरीच वर्षं कुल्लू खोऱ्यात काढली, म्हणून लिहितो.

तिथे गडसा म्हणून गाव आहे. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं थंड हवेतलं केंद्र तिथे आहे. मुख्य संस्था राजस्थानात अविकानगरला. जर्मन अंगोरावर आपल्या देशात जे काही गंभीर काम झालं, त्यातलं बरंचसं या केंद्रावर झालं. तुमच्या माहितीपत्रकातला 'किलोच्या वर' आकडा खोटा नाही, पण तो युरोपातल्या निवडक जनावरांचा आहे: बंदिस्त शेड, मापून दिलेलं खाद्य, पिढ्यान्‌पिढ्यांची निवड. त्याच जर्मन रक्ताचे ससे हिमाचलात चांगले सांभाळले तर साधारण अर्धा ते पाऊण किलो धरून चालतात. आणि तो कुल्लू आहे, आर्णी नव्हे.

लोकर काढतात कशी तेही सांगतो, कारण एजंट लोक ते दाखवतच नाहीत. दर ७५ दिवसांनी, कुठे ९० दिवसांनी, कातरणी होते. ससा मांडीवर किंवा स्टुलावर घ्यायचा, पाठीच्या कण्यावरून केसांचा भांग पाडायचा आणि कात्री कातडीलगत चालवत एका बाजूने खाली यायचं. कातडी कागदासारखी पातळ असते, डाव्या हाताने ताणून धरली नाही तर कात्रीत येते. मादीच्या पोटाशी तर आचळं चाचपूनच कात्री लावायची. एका झटक्यात मुळापासून कापलं तर लांब धागा मिळतो. वर राहिलेलं पुन्हा कापलं की तो चुरा, त्याला कोणी विचारत नाही. पाठ-कुशीची लांब स्वच्छ लोकर एका पिशवीत, पोट-पायांची आखूड दुसरीत, गुंतून नमदा झालेली तिसरीत. पैसा पहिल्या पिशवीचा. कुल्लूत हे काम बहुतेक बायकाच करतात, आणि सरावलेल्या बाईलाही एका सशाला बराच वेळ लागतो.

पशुवैद्य_यवतमाळ

धागा चांगला आहे, थोडं सविस्तर लिहितो.

'लोकर रक्तात असते' यातला खरा भाग आधी. सशाच्या केसाला वाढ थांबवण्याचा निरोप देणारं एक जनुक असतं, एफजीएफ-५. अंगोरात तो निरोप नीट पोचत नाही. साध्या सशाचा केस सुमारे पाच आठवडे वाढतो आणि थांबतो. अंगोराचा चौदा आठवड्यांच्या आसपास वाढत राहतो. ७५-९० दिवसांची कातरणी याच हिशेबाने बसवलेली आहे. त्याहून उशीर केला की केस मुळातून सुटतात, गुंततात, त्यांचा नमदा होतो. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू लोकरीचं. ससा अंगोरा आहे की नाही, इथवर मामला शंभर टक्के रक्ताचा. हवेने अंगोराचा साधा ससा होत नाही की साध्याचा अंगोरा.

पण अंगोरा किती लोकर देणार, हा वेगळा प्रश्न. तिथे एक जनुक नसतं, अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. लोकरीच्या वजनाची आनुवंशिकता अभ्यासांमधून साधारण ०.२ ते ०.४ अशी मध्यम येते. दहा सशांच्या लोकरीत जो कमी-जास्तपणा दिसतो, त्यातला फार तर एक तृतीयांश ते दोन पंचमांश पुढच्या पिढीत भरवशाने उतरणारा. उरलेला खाद्य, ऋतू, वय, आजार, पिंजरा, कातरणाऱ्याचा हात यांचा.

हिशेब करून पाहा. कळपाची सरासरी ५०० ग्रॅम आहे. त्यातले उत्तम निवडले, त्यांची सरासरी ६००. फरक १००. आनुवंशिकता ०.३ धरली तर त्यांच्या पिल्लांची सरासरी ५३० च्या आसपास येईल, ६०० नव्हे. आणि हे मोठ्या कळपात, दर कातरणीची नोंद असेल तर. सात माद्या आणि तीन नरांत निवडायचं काय? दोन-तीन पिढ्यांत सगळे एकमेकांचे भाऊबहीण होतील, आणि जवळच्या नात्यातल्या पैदाशीने उलट वजन, तब्येत, पिल्लांची संख्या सगळं घसरतं.

अजून एक. मादी नरापेक्षा जास्त लोकर देते, फ्रेंच अंगोरात तर हा फरक ठळक असतो. पण ती गाभण असताना आणि पिल्लं पाजताना तिची लोकर घटते, कारण खाल्लेली प्रथिनं दुधाकडे जातात. तुमच्या एजंटने पिल्लांची कमाई आणि लोकरीची कमाई एकाच मादीच्या नावावर पूर्ण धरली आहे का, ते माहितीपत्रकात तपासा. माझा अंदाज आहे, धरली असणार.

तुरीची_शेंग

डॉक्टरसाहेब, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

एक भाबडा प्रश्न. आपल्याकडचे गावठी पांढरे ससे ऊन बऱ्यापैकी काढतात. अंगोराचा त्यांच्याशी संकर केला तर लोकरही आणि काटकपणाही मिळेल ना? आणि आमच्या वावरात रानससे आहेत, ते तर ४६ डिग्रीतही तुरीत पळतात. त्यांच्याशी संकर?

पशुवैद्य_यवतमाळ

पाळीव पांढऱ्या सशाशी संकर होतो, पण पहिल्या पिढीतली सगळी पिल्लं आखूड केसांची निघतील. वर लिहिलेला अप्रभावी गुण तो हाच. त्या पिल्लांचा आपसात मेळ घातला तर चारात सरासरी एक लांब केसांचं, आणि त्याचीही लोकर शुद्ध अंगोराइतकी दाट नसते. काटक अंगोरा करायचा तर संस्थेच्या पातळीवर कित्येक पिढ्या लागतील. गोठ्यात होणारं काम नाही.

रानससा विसरा. त्याची प्रजातीच वेगळी. पाळीव सशाची गुणसूत्रं ४४, रानसशाची ४८. त्यांच्यात पैदास होत नाही. शिवाय रानससा पकडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वनरक्षक लोकर बघायला येणार नाही.

संत्राबाग_वरुड

माझ्याकडे अंगोरा नव्हते, मटणाचे न्यूझीलंड व्हाइट होते. पण ऊन सगळ्या सशांना सारखंच, म्हणून सांगतो.

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः दोन कान आणि धाप. १५ ते २० अंशांत तो सुखी, ३० च्या वर खाणं कमी करतो, ३५ च्या वर त्याला शरीराचं तापमान सांभाळता येत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ३५ तर सकाळी दहा-साडेदहालाच होतात.

मी वाळ्याच्या ताट्या लावल्या, मोठा कूलर लावला, छतावर तुराट्या आणि पऱ्हाट्यांचा थर टाकला. एप्रिल-मे त्याने निघाला, कारण हवा कोरडी असते आणि कूलर काम करतो. खरा दणका जूनमध्ये बसला. पहिला पाऊस यायच्या आधी ते आठ-दहा दिवस असतात ना, ढग भरून येतात, पारा चाळिशीत आणि हवेत दमट घुसमट. तेव्हा कूलर नुसती वाफ फेकतो. त्यातच गावची लाइन गेली. तेवढ्या दिवसांत निम्म्या माद्या गेल्या, त्यातल्या बऱ्याचशा गाभण होत्या. नर वाचले, पण उन्हाने त्यांचं बीज मरतं आणि नवं तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. पोळ्यापर्यंत एकही मादी धड गाभण राहिली नाही.

हे आखूड केसांच्या सशांचं. अंगोराच्या अंगावर तर वर लोकर.

पशुवैद्य_यवतमाळ

संत्राबाग, +१. मूळ प्रश्नाचं उत्तर तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. ज्या सशात लोकर जास्त, त्याला उष्णता बाहेर टाकणं जास्त अवघड. उन्हात तो खाणं कमी करतो, खाणं घटलं की लोकर घटते. म्हणजे जर्मनीत जे रक्त सर्वांत सरस ठरतं ते आर्णीत सर्वांत आधी कोसळण्याची शक्यता असते. जात आणि हवा असे दोन वेगळे हिस्से करून त्यांची बेरीज होत नाही. एकाच रक्ताचे दोन गावांत दोन निकाल लागतात.

कुल्लूचा_पाव्हणा

ऋतूबद्दल थोडी भर. थंड प्रदेशातही हिवाळ्यातली कातरणी जड आणि उन्हाळ्यातली हलकी येते. ते फक्त तापमानामुळे नाही, उजेडामुळेही. दिवस लहान होऊ लागला की सशाच्या शरीरात मेलाटोनिन हे अंधारात स्रवणारं संप्रेरक जास्त वेळ स्रवतं आणि केस जोमाने वाढतात. फ्रान्समध्ये उन्हाळ्यात मेलाटोनिन कातडीखाली बसवून पाहिलं, तेव्हा लोकर वाढली.

आपल्याकडे दिवस ११ तासांपासून साडेतेरा तासांपर्यंतच लहान-मोठा होतो, जर्मनीत ८ पासून १६ पर्यंत. त्यामुळे माझ्या मते विदर्भात उजेडाचा फरक फार जाणवू नये. इथे सगळी सूत्रं उन्हाच्या हातात.

मेळघाटी

चिखलदऱ्याला शेड टाकली तर? उंची १,१०० मीटरच्या आसपास आहे, कॉफीही होते.

संत्राबाग_वरुड

रात्री छान थंड असतात, मान्य. पण मे महिन्यात दुपारी तिथेही पस्तिशी ओलांडते. आणि पावसाळ्यात धुकं-ओल इतकी की पापड वाळत नाही. ओल्या हवेत लोकर गुंतते, पिल्लांना कॉक्सीचा (आतड्याच्या परजीवी रोगाचा) त्रास होतो. माळरानापेक्षा बरं, एवढंच म्हणेन.

गावरान_आहार

खाद्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी घुसतो. आपल्या भागात तीन गोष्टी लोक हमखास देतात, त्या बघू.

सरकीची ढेप: म्हशीला चालते म्हणून सशाला टाकू नका. तिच्यात गॉसिपॉल असतं. रवंथ करणारं मोठं जनावर ते बऱ्यापैकी पचवतं, सशाला ते बाधतं.

सोयाबीन: तेल काढलेली, भाजलेली पेंड उत्तम. कच्चं सोयाबीन नको. लोकर म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, आणि केराटिनला गंधकवाली अमिनो आम्लं लागतात, मेथिओनिन आणि सिस्टीन. अंगोराच्या खाद्यात प्रथिनं १६-१७ टक्के आणि ही दोन आम्लं मिळून ०.७ ते ०.८ टक्के ठेवतात. सोयाबीन पेंडीत मेथिओनिन कमी पडतं, ते वरून घालावं लागतं. नुसत्या लसूणघासावर आणि गव्हाच्या कोंड्यावर ससा जगेल, लोकर देणार नाही. इथे कितीही भारी रक्त असलं तरी काही चालत नाही.

सुबाभूळ: ही तर गंमतच आहे. बांधावर फुकट उगवतो म्हणून लोक शेळ्यांना घालतात तसा सशांनाही घालतात. त्याच्या पाल्यात मिमोसिन असतं आणि त्याने केस मुळातून सुटतात. फ्रान्समध्ये अंगोराचे केस उपटून काढायची पद्धत आहे. तिथे ते सोपं जावं म्हणून सुबाभळीपासून केलेलं 'लॅगोडेन्ड्रॉन' नावाचं खाद्य मोजून देत असत. म्हणजे जे तिकडे औषधासारखं तोलून द्यायचे ते आपण पेंढ्या बांधून टाकणार, आणि मग म्हणणार की रक्तच खराब निघालं.

आठवड्यातून एक दिवस दाणा बंद ठेवतात, तेही लक्षात असू द्या. ससा स्वतःला चाटतो, केस पोटात जातात, त्याचे गोळे होतात. त्याला मांजरासारखं ओकता येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा! आमच्या मामाच्या सशाचे केस गेले होते तवा त्यानं मांत्रिक बलावला होता. पिंजऱ्यावर सुबाभळीचाच पाला झाकला होता म्हन्जे.

पशुवैद्य_यवतमाळ

:) मामांच्या सशाला खरूजही असू शकेल. पण पाला काढून पाहायला मांत्रिक लागत नाही.

आहारात एक भर. पिल्लू आईचं दूध पितं त्या आठवड्यांत त्याच्या कातडीत बारीक लोकरीची मुळं तयार होत असतात. एका मादीखाली जास्त पिल्लं ठेवली, दूध पुरलं नाही, तर ती मुळंच विरळ राहतात आणि मोठेपणी कितीही पेंड घातली तरी ती भर निघत नाही. विकत घेताना ससा जातिवंत दिसेल, पण त्याचं बालपण कसं गेलं ते कळणार नाही.

सेवाग्राम_चरखा

बचत गटाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. वर्ध्याकडे आम्ही सुताचं काम करतो, अंगोराही हाताळून पाहिली आहे.

धागा बारा-चौदा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, आत पोकळ कप्पे, म्हणून हलका आणि ऊबदार. पण त्याला मेंढीच्या लोकरीसारखी नागमोड नाही, तेलकटपणाही नाहीसा. चिमटीतून सरळ निसटतो. नुसत्या अंगोराचं सूत कातलं तर कपड्यातून केस गळत राहतात, म्हणून बारीक मेंढीलोकरीत मिसळूनच कातायचं. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर यासाठी जाड पडते. तिची घोंगडीच चांगली. आणि अंबर चरख्याचे रूळ कापसाच्या तीनेक सेंटिमीटर धाग्यासाठी बसवलेले असतात. अंगोराचा धागा पाच-सहा सेंटिमीटर. रुळांमधलं अंतर बदलल्याशिवाय तो तुटतो किंवा गुंडाळून बसतो. आमच्या पेटी चरख्यावर तर पहिल्या दिवशी सुतापेक्षा शिव्याच जास्त निघाल्या.

ताईंना सांगा, शिकायला ससा पाळायची गरज नाही. हिमाचलातून धुतलेली किंवा मिसळलेली थोडी लोकर मागवा, हात बसतो का पाहा. आणि बाजाराचाही विचार करा. २०१३ साली चीनमधल्या फार्मवर जिवंत सशांचे केस ओरबाडल्याचे व्हिडिओ बाहेर आले, त्यानंतर बऱ्याच परदेशी कपडे कंपन्यांनी अंगोरा घेणं बंद केलं.

कास्तकार_दर्यापूर

करारावर बोलतो. मी दुसऱ्या एका जनावराच्या असल्याच 'परत खरेदी'त पोळलोय, कंपनीचं नाव घेत नाही. लोकर ते घेणार म्हणजे कोणत्या प्रतीची, कोण ठरवणार, तोल कुठे होणार? करारात 'प्रथम दर्जाची' एवढा एकच शब्द असेल तर उरलेल्या दोन पिशव्या तुमच्या.

एजंटला एकच मागा: याच सशांच्या आयांची कातरणीची वही. कानावरचा गोंदण क्रमांक, प्रत्येक कातरणीची तारीख, वजन. पहिली कातरणी दोन महिन्यांच्या वयाला होते आणि ती हलकीच असते. पूर्ण वजन पुढच्या कातरण्यांत येतं. तेव्हा तीन-चार कातरण्यांच्या नोंदी हव्यात, त्यातली एक उन्हाळ्यातली. आणि ते ससे गेल्या मे महिन्यात कुठे होते, हेही विचारा.

कोरडवाहू_आर्णी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, एवढं कुठेच वाचायला मिळालं नसतं.

काल एजंटला फोन केला. वही मागितली तर म्हणाला, नोंदी 'हेड ऑफिसला' आहेत. गोंदण क्रमांक विचारले तर म्हणे, ससे आल्यावर आपण टाकून घेऊ. मे महिन्यात कुठे होते या प्रश्नावर आधी म्हणाला पुण्याजवळ, मग म्हणाला महाबळेश्वर. माहितीपत्रक पुन्हा काढून पाहिलं. डॉक्टरसाहेब म्हणाले तसंच आहे, सातही माद्या वर्षभर पिल्लंही देताहेत आणि वर्षभर किलो-किलो लोकरही. नरांच्या लोकरीचाही तोच आकडा, एका ग्रॅमचा फरक नाही.

सही करत नाही. सेवाग्राम_चरखा ताई, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केला आहे. बायको म्हणते थोडी लोकर मागवायची, आणि रुळांचं अंतर कसं बदलायचं ते एकदा प्रत्यक्ष दाखवाल का?

सेवाग्राम_चरखा

जरूर. दिवाळीनंतर या, तेव्हा कापसाचा हंगाम सुरू असतो आणि चरखेही मांडलेले असतात. येताना गटातल्या सगळ्यात चिकट स्वभावाच्या बाईला आणा.

वऱ्हाडी_ठेचा

म्हन्जे गोठा रिकामाच राह्यला. भाऊ, उस्मानाबादी शेळ्या टाका ना मंग. सुबाभूळ बी खातील.

पशुवैद्य_यवतमाळ

त्याचंही प्रमाण असतं. शेळ्यांसाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.